यूएसडीटीचे रुपये करायचेत तर वॉलेटमधून सरळ एक्स्चेंजवर पाठवा, टेलिग्रामवाल्याला देऊ नका

विश्रामबाग_कोडर
सांगली-मिरजेत घरी बसून वेबसाइट, ॲप, डिझाइनची कामं करणाऱ्या बऱ्याच जणांना आता परदेशी क्लायंट यूएसडीटीमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो टोकनमध्ये, पैसे देतात, मलाही देतात. वॉलेटमध्ये पैसे येईपर्यंत सगळं सोपं, पुढं त्याचे रुपये कुठं करायचे यावर मात्र दहा जणांची दहा मतं. आणि त्यात एक जण हमखास सांगतोच की टेलिग्रामवर अमुक एक माणूस आहे, क्रिप्टो एक्स्चेंजपेक्षा (जिथं क्रिप्टो विकून रुपये मिळतात ते ॲप) दोन-तीन रुपये जास्त देतो, टीडीएस नाही, केवायसी नाही, पाच मिनिटात यूपीआय. माझं म्हणणं सरळ आहे, असल्या माणसाला एक यूएसडीटी पण देऊ नका.

कारण सांगते. माझ्या मावसभावानं असेच ४० हजारांचे विकले. पैसे आले, बँकेचा मेसेज आला, सगळं व्यवस्थित. पुढच्या महिन्यात पगार जमा झाला आणि एटीएममधून निघेना. ब्रँचमध्ये गेला तर म्हणाले परराज्यातल्या सायबर पोलिसांनी खात्यावर लीन टाकलाय, म्हणजे पैसे अडवलेत, आमच्या हातात काही नाही, हा ईमेल घ्या आणि त्यांच्याशी बोला. ज्याच्या खात्यातून ते ४० हजार आले तो टेलिग्रामवाला नव्हताच, कुणीतरी तिसराच, आणि त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरले होते. फसलेल्या माणसानं १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला की पैसा ज्या ज्या खात्यात गेला त्याची साखळी लागते आणि त्यात आपलं खातं येतं. आपण फक्त यूएसडीटी विकले हे दाखवायला त्याच्याकडं काय होतं तर चॅट, ते पण समोरच्यानं डिलीट केलेलं. घराचा हप्ता बाउन्स झाला, शेवटी मावशीनं भिशीतले पैसे उचलून भरला.

एक्स्चेंजला मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगचा कायदा लागू आहे, एफआययू-इंडियाकडं (सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडं) नोंदणी लागते, केवायसी लागतं, रुपये एक्स्चेंजच्या खात्यातून येतात आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद असतो. एक्स्चेंजच्या ॲपमधलं पीटूपी, म्हणजे एका माणसानं दुसऱ्याला थेट विकणं, मात्र यात धरू नका, तिथं पण रुपये तिऱ्हाईताच्या खात्यातूनच येतात.

इर्विनपूल
अजिबात पटलं नाही. ३० टक्के कर, वर सेस, वर प्रत्येक विक्रीला १ टक्का टीडीएस, एकात लॉस झाला तर दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायचा नाही, गॅस फी (क्रिप्टो पाठवायची नेटवर्कची फी) पण खर्चात धरायची नाही, फक्त खरेदी किंमत वजा होते. रात्र-रात्र जागून काम करायचं आणि तिसरा हिस्सा देऊन टाकायचा?

आणि एक्स्चेंज सेफ कुठं आहेत. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून चोरीत २३ कोटी डॉलरच्या आसपास माल गेला आणि लोकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले, ज्यांनी काहीच चूक केली नव्हती त्यांचे. नोव्हेंबर २०२२ ला एफटीएक्स हे परदेशी एक्स्चेंज बुडालं ते वेगळंच. वॉलेटच्या चाव्या (गुप्त कोड) माझ्याकडं आहेत तोपर्यंत माल माझा, एक्स्चेंजवर टाकला की तो त्यांच्या ताब्यात. तुमच्या भावाचं वाईट झालं, पण त्यानं चुकीचा माणूस निवडला एवढंच.

विश्रामबाग_कोडर
दादा, तिसरा हिस्सा जात नाही, हा गैरसमज लई पसरलाय म्हणून आकड्यात सांगते. समजा १००० यूएसडीटी आले त्या दिवशी दर ८८ होता, म्हणजे ८८,००० हे तुमच्या कामाचं उत्पन्न, ते स्लॅबप्रमाणे तुमच्या रिटर्नमध्ये जातं, बँकेतून डॉलर आले असते तरी गेलंच असतं. आमचे सीए म्हणतात की तीच ८८,००० मग तुमची खरेदी किंमत. नंतर ९० ने विकले तर नफा फक्त २,०००, त्यावर ३० टक्के म्हणजे ६०० आणि ४ टक्के सेस धरून ६२४. टीडीएस ९०,००० च्या १ टक्का म्हणजे ९०० कापला जातो, पण तो तुमच्या पॅनवरच्या टॅक्स स्टेटमेंटमध्ये दिसतो आणि कर भरताना वळता होतो, जास्तीचा परत मिळतो. फक्त ज्या दिवशी पैसे आले त्या दिवशीचा दर लिहून ठेवा, इन्व्हॉइस जपून ठेवा. रिटर्नमध्ये व्हीडीएचं (कायद्यात क्रिप्टोला हेच नाव) वेगळं शेड्यूल आहे तिथं प्रत्येक विक्री तारखेनिशी भरायची असते.

आणि वझीरएक्सचं म्हणताय ते खरंच आहे, म्हणूनच मी एक्स्चेंजवर साठवा असं कुठंच म्हटलं नाही. जेवढे विकायचे तेवढेच पाठवायचे, विकायचे, रुपये बँकेत काढायचे. एक रात्र पण तिथं ठेवायची गरज नाही.

विटेकर
ताई, सगळेच टेलिग्रामवाले चोर नसतात. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर पसरलीत, लाखोंचं सोनं-चांदी एकमेकांच्या शब्दावर फिरतं, तिथं कुठला कागद असतो. ओळखीचा माणूस असेल, गावातला असेल, तर पीटूपीत काय वाईट आहे. रोख घ्यायची, बँकेचा विषयच संपला.

मिरज_जंक्शन
विटेकर, ओळखीच्या माणसावर भरवसा ठेवा हो, पण तो पैसे कुणाच्या खात्यातून पाठवतो ते बघा ना. तो यूएसडीटी घेऊन पुढं विकतो, पुढच्यानं जे खातं दिलं त्यातून तुम्हाला पाठवायला सांगतो, त्याला स्वतःलाही माहीत नसतं पैसा कुठून आलाय. माणूस चांगला असून खातं गोठतं. बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १०६ खाली पोलिसांना मालमत्ता जप्त करता येते, तिथं ओळख काय कामाची. आणि रोखीत दोन लाख आणि वर घेतले तर इन्कम टॅक्सचं वेगळंच प्रकरण, जेवढे घेतले तेवढाच दंड.

एक्स्चेंज की पीटूपी यात मी ताईंच्या बाजूचा, पण "सरळ एक्स्चेंजवर पाठवा" एवढंच लिहून भागत नाही, त्या सरळ पाठवण्यातच लोकांचे पैसे जातात. मी मिरजेत मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो, पोरं वॉलेट उघडून माझ्यासमोर बसतात, म्हणून हे रोज बघतो. सगळ्यात मोठा घोळ नेटवर्कचा, म्हणजे ज्या ब्लॉकचेनवरून टोकन जातं तिचा. यूएसडीटी एकच, पण तो ट्रॉनवर असतो, इथेरियमवर असतो, बीएनबी चेनवर असतो, पॉलिगॉनवर असतो, आणि प्रत्येक ठिकाणचा वेगळा. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षरानं सुरू होतो, ३४ अक्षरांचा, तो इथेरियमच्या खान्यात टाकला तर वॉलेट घेतच नाही, त्यामुळं तिथं चूक पकडली जाते. पण इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी चेन यांचा पत्ता एकसारखाच, शून्य आणि एक्सनं सुरू होणारा, ४२ अक्षरांचा. एक्स्चेंजनं इथेरियमसाठी दिलेला पत्ता तुम्ही पॉलिगॉनवर टाकला तर वॉलेट निमूट पाठवतं, व्यवहार सक्सेस दाखवतं, आणि ते नेटवर्क एक्स्चेंजवर चालू नसेल तर तिथं शून्य. पैसे त्या पत्त्यावर असतात पण त्याच्या चाव्या एक्स्चेंजकडं, तिकीट टाका, वाट बघा, काही ठिकाणी काढून देतात, काही ठिकाणी चक्क नाही म्हणतात. म्हणून आधी एक्स्चेंजच्या डिपॉझिट पानावर नेटवर्क निवडायचं, कमीत कमी डिपॉझिट किती ते वाचायचं, मग वॉलेटमध्ये तेच नेटवर्क आहे का बघायचं, उलटं नाही.

दुसरं म्हणजे पत्ता कधीच जुन्या व्यवहारातून कॉपी करू नका. वॉलेटच्या यादीत पहिली चार-पाच आणि शेवटची चार अक्षरं दिसतात, मधे टिंबं. चोर नेमकी तीच पुढची-मागची अक्षरं जुळणारा पत्ता तयार करतात आणि त्यावरून तुमच्या वॉलेटला शून्य किंवा अगदी चिल्लर यूएसडीटीचा व्यवहार पाठवतात, तो यादीत सगळ्यात वर बसतो. तुम्ही घाईत वरचा उचलता आणि सगळी रक्कम त्याच्याकडं. परवाच एका पोराला पेस्ट करताना अडवलं, मधली अक्षरं वाचायला लावली तर आठवं अक्षरच वेगळं निघालं. तो म्हणतोय, "काका, गेल्या वेळी ह्याच पत्त्यावर पाठवलं होतं की," आणि खरंच यादीत दोन्ही एकाखाली एक, बघून कळणारच नाही असे.

पहिल्या वेळी थोडी रक्कम पाठवून बघा, ती एक्स्चेंजवर दिसली की उरलेली पाठवा.

इर्विनपूल
नेटवर्कचं मान्य. पण दोनदा पाठवायचं म्हणजे दोनदा फी, ट्रॉनवर पण आता यूएसडीटी पाठवायला फुकट नाही पडत, टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) जळतातच. महिन्याला ३०० डॉलर कमावणाऱ्यानं टेस्ट ट्रान्सफरवर पैसे का घालवायचे? नीट वाचून एकदाच पाठवावं.

मिरज_जंक्शन
दुप्पट पडत नाही भावा. ट्रॉनवर ज्या पत्त्यावर त्या वेळी यूएसडीटी शिल्लक नसतात तिथं पाठवायला जवळपास दुप्पट एनर्जी (ज्यावर तिथली फी ठरते) लागते, एकदा तिथं थोडे पडले की पुढच्या वेळी अर्धीच. म्हणजे टेस्टची महाग पडली तरी मागोमाग पाठवलेली मोठी रक्कम स्वस्तात जाते, दोन्ही मिळून एकाच्या दीडपट धरा. एक्स्चेंजनं मधे तो पत्ता झाडून पैसे आपल्या मोठ्या वॉलेटमध्ये ओढले तर परत महाग, म्हणून क्रेडिट दिसलं की लगेच पाठवायचं. तोच पत्ता पुढंही वापरणार असाल तर दर वेळी टेस्टची गरज नाही, पण पत्ता बदलला नाही ना हे एक्स्चेंजच्या पानावर प्रत्येक वेळी बघायचं.

बेदाणा_तासगाव
मी अकाउंट्सचं काम करतो. इथं सगळे वॉलेटमधून कसं पाठवायचं यावर भांडतायत आणि मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही, की परदेशी क्लायंटकडून कामाचे पैसे यूएसडीटीत घेताच कशाला? एक्सपोर्टचे पैसे अधिकृत बँकेतून यायला हवेत, फेमाची (परकीय चलनाच्या कायद्याची) अपेक्षा तीच आहे. जीएसटीत सेवा निर्यात धरायची तर मोबदला परकीय चलनात आला पाहिजे, किंवा रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिली असेल तिथं रुपयात. यूएसडीटी हे चलन नाही, एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला, मिळत नाही. २० लाखांच्या वर उलाढाल गेली आणि जीएसटी लागला तर तुमचं काम निर्यात म्हणून शून्य दरात बसणार नाही आणि १८ टक्के अंगावर येऊ शकतात. एक्स्चेंजचा कागद इन्कम टॅक्सला चालेल, पण त्यानं हा प्रश्न सुटत नाही. ताईंचं मत पीटूपीपेक्षा बरं, पण अर्धंच.

विश्रामबाग_कोडर
हे बरोबर आहे आणि ज्यांना जमतं त्यांनी बँकेतूनच घ्यावं, मी स्वतः दोन क्लायंटना बँक ट्रान्सफरवर आणलंय. पण काही छोट्या परदेशी टीम यूएसडीटीशिवाय देतच नाहीत, काम सोडायचं का हा प्रश्न तासगाव-कवठेमहांकाळच्या नवीन पोरीला विचारा, तिला पहिलं कामच तिथं मिळालंय. तिच्या वॉलेटमध्ये ऑलरेडी जे पडलंय त्याचं काय करायचं, तेवढ्यापुरतं मी बोलतेय. आणि उलाढाल वाढायला लागली की तुमच्यासारख्याकडं आधीच जायला पाहिजे, हे नक्की.

इर्विनपूल
मी तर विकणारच नाही, वॉलेटमध्येच राहू दे. डॉलरच आहे तो, रुपया पडतोय तसा वाढतोच.

बेदाणा_तासगाव
डॉलर नाही, डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन आहे. मे २०२२ मध्ये यूएसटी हे असंच डॉलरला बांधलेलं टोकन काही दिवसात मातीमोल झालं. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी या दुसऱ्या तशाच टोकनचे ३३० कोटी डॉलर तिथं अडकले होते आणि भाव ९० सेंटच्या खाली गेला, दोन-तीन दिवसात सावरला हे खरं, पण त्या दिवशी ज्याला फीचे पैसे भरायचे होते त्याचं काय. आणि चाव्या तुमच्याकडं असल्या तरी यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी एखाद्या पत्त्यावरचे यूएसडीटी गोठवू शकते, तसे कितीतरी पत्ते गोठवलेत. टेलिग्रामवरून उलटसुलट देवघेव करणाऱ्याच्या वॉलेटमध्ये असला डागी माल यायची शक्यता जास्त.

इर्विनपूल
सहा महिन्यांचा घरखर्च मी त्यात ठेवत नाही, वरचेच ठेवतो. तरी पीटूपी पूर्ण बंद करा हे मला पटत नाही, एक्स्चेंजनी उद्या विथड्रॉवल थांबवले तर दुसरी वाट पाहिजे.

कुपवाड_एमआयडीसी
मधेच विचारतो, माफ करा. माझ्या वॉलेटमध्ये ट्रॉनवर २१० यूएसडीटी आहेत पण पाठवायला गेलं की टीआरएक्स कमी आहेत म्हणतं. टेलिग्रामवर एक जण म्हणतोय सीड फ्रेज पाठव, मी टीआरएक्स भरून ट्रान्सफर करून देतो. देऊ का?

मिरज_जंक्शन
अजिबात नको!! सीड फ्रेज म्हणजे वॉलेटची चावीच, ते बारा शब्द गेले की २१० पण गेले. ज्या एक्स्चेंजवर टीआरएक्सचं विथड्रॉवल चालू आहे तिथून तीस-चाळीस टीआरएक्स विकत घे, तुझ्या त्याच टीनं सुरू होणाऱ्या पत्त्यावर काढ, नेटवर्क ट्रॉनच निवड. नाहीतर घरातल्या कुणाकडं असतील तर त्यांच्याकडून मागव, त्यांना फक्त पत्ता द्यायचा, बाकी काही नाही. मग पाच-दहा यूएसडीटी आधी पाठव, पण एक्स्चेंजचं मिनिमम त्याच्यापेक्षा जास्त नाही ना ते बघ. अडलं तर उद्या दुपारनंतर दुकानात ये, फोन तुझ्याच हातात ठेवू.