गावागणिक पानं गूगलवर का दिसत नाहीत
हिंगणघाट, वणी, दर्यापूर असं गावागणिक 'आजचा कापूस भाव'चं पान केलं, गूगलवर दिसत नाही, होस्टिंग (साइट जिथं ठेवलीय तो सर्व्हर) बदलू का, असं एकानं विचारलंय. होस्टिंगचा काही संबंध नाही भाऊ. गावाचं नाव तेवढं बदललं अन् मजकूर तोच, याला गूगल 'डोअरवे' म्हणतं, म्हणजे फक्त शोधात दिसावं म्हणून केलेली सारखी पानं; ते नियमाविरुद्ध आहे. मार्च २०२४ पासून शोधात वर यावं म्हणून घाऊक काढलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्धही नियम आहे, एआयनं लिहा की हातानं.

सर्च कन्सोलमध्ये (गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन) 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' उघडा. तिथं काही नसेल तर माणसानं दंड लावलेला नाही, यंत्रानंच गाळलं असावं. ज्या बाजार समितीचा भाव खरंच रोज मिळतो तेवढीच पानं ठेवा: तारीख, क्विंटलमध्ये आवक, किमान-कमाल दर. बाकीच्यांना ४१० (पान कायमचं काढलं, असं सांगणारा सर्व्हरचा कोड) द्या. सरसकट मुख्य पानाकडे वळवाल तर गूगल 'सॉफ्ट ४०४' धरतं, म्हणजे पान उघडलं तरी ते नाहीच असं समजतं.