विगाबॅट्रिन सुरू असलेल्या बाळाचे डोळे पुण्यात कुठे तपासावेत?

इराची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही धायरीला राहतो. मुलगी १४ महिन्यांची आहे. आठव्या महिन्यात ती सकाळी उठल्या उठल्या मान खाली टाकून दोन्ही हात झटकायची, एकामागून एक दहा-बारा वेळा. घरचे म्हणाले दचकते, एक डॉक्टर म्हणाले गॅस आहे. तीन आठवडे त्यात गेले. ईईजीनंतर (मेंदूच्या आलेखानंतर) इन्फंटाइल स्पॅझम्स, म्हणजे बाळांना येणाऱ्या एक प्रकारच्या फिट्स, असं निदान झालं. आधी एसीटीएच या हार्मोनची इंजेक्शनं दिली, त्याने झटके पूर्ण थांबले नाहीत, मग विगाबॅट्रिन हे फिट्सचं औषध सुरू केलं. त्याला आता साडेचार महिने झाले. तीन महिन्यांत एकही झटका नाही, देवाची कृपा.

आता काळजी नजरेची आहे. खुळखुळा वाजवला की वळते, न वाजवता समोर धरला तर बघतच नाही. खिडकीकडे, ट्यूबलाइटकडे टक लावून बसते. डावीकडून कोणी आलं तर तिला कळत नाही, हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. या औषधाचा डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, डोळे तपासून घ्या, असं न्यूरोंनी (मेंदूच्या डॉक्टरांनी) सुरुवातीलाच सांगितलं होतं. धावपळीत ते राहून गेलं, त्याचं फार वाईट वाटतंय.

एवढ्या लहान बाळाची नजर पुण्यात कोण नीट तपासतं? ईआरजी (डोळ्याच्या पडद्याची तपासणी) करायची की व्हीईपी (डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या वाटेची)? ह्यांनी नुकतीच नोकरी बदलली आहे, त्यामुळे या महिन्यात डोळ्यांसाठी हातात ५,००० रुपयेच आहेत. कृपया त्यात बसेल असं सांगा.

मंदार_बाणेर
ताई, पुण्यात वेळ घालवू नका. सरळ हैदराबादला एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या हॉस्पिटलला जा. आम्ही मुलाला तिथे नेलं होतं. चार दिवस राहिलो, सगळ्या तपासण्या एका छताखाली झाल्या, डॉक्टरांनी पाऊण तास दिला. विमान, हॉटेल धरून पन्नासेक हजार गेले, पण मुलाच्या डोळ्यांपुढे पैसा बघायचा नसतो.

शुभांगी_जोशी५८
माझ्या नातवालाही फिट्स येतात, वय ९. त्याच्यासाठी मुलाने परदेशातून निळ्या काचांचा खास चष्मा मागवला, २२,००० लागले. टीव्हीसमोर बसला तरी आता काही होत नाही. तुम्हीही चौकशी करा. आणि टीव्ही, मोबाइल पूर्ण बंद. आमच्याकडे सून ऐकत नव्हती, शेवटी मीच केबल काढून टाकली.

रोहित_के
जोशीकाकू, निळ्या काचा ज्यांना लुकलुकत्या प्रकाशाने फिट येते त्यांच्यासाठी असतात. एपिलेप्सी असलेल्यांत असे लोक शंभरात तीनच्या आसपास. स्पॅझम्सचा त्याच्याशी संबंध नाही. १४ महिन्यांच्या बाळाला चष्मा, तोही तपासणीआधी?

शुभांगी_जोशी५८
मी अनुभव सांगितला. नातवाला फायदा झाला तो आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

आरोहचे_बाबा
ताई, एक गोष्ट हात जोडून सांगतो. डोळ्यांच्या भीतीने औषध मनाने कमी करू नका. आम्ही ती चूक केली. विगाबॅट्रिनने नजर जाते असं नेटवर वाचलं, बायको रात्रभर रडली, आणि आम्ही न्यूरोंना न विचारता पुडी अर्धी केली. पाचव्या दिवशी सकाळी स्पॅझम्स परत. ते थांबवायला पुढे दोन महिने आणि आणखी दोन औषधं लागली. बसायला लागलेला मुलगा पुन्हा आडवा झाला. नजर महत्त्वाची आहेच, पण त्या झटक्यांनी मेंदूचं जे नुकसान होतं ते नजरेसकट सगळंच मागे नेतं.

आता माहिती. या औषधाने पडद्याला इजा झाली तर कडेची नजर जाते, मधली बरीच शाबूत राहते. म्हणून घरच्यांना कळत नाही, मूल खेळणं बघतं, हसतं. गेलेली कड परत येत नाही. औषध जितके दिवस आणि एकूण जितकं जास्त, तितका धोका जास्त. त्यामुळे स्पॅझम्स आटोक्यात आले की बाळांना बहुधा सहा महिन्यांच्या आसपास ते हळूहळू बंद करतात. मोठ्यांना यंत्रासमोर बसवून कडेची नजर मोजतात. बाळं ते करू शकत नाहीत, म्हणून ईआरजी. अमेरिकेत २००९ साली या औषधाला मान्यता मिळाली, तिथल्या माहितीपत्रकात पहिल्या चार आठवड्यांत एक तपासणी आणि मग दर ३ महिन्यांनी एक, असं आहे. तुमची पहिली हुकली, पण आता तरी ईआरजी करून टाका.

स्वाती_निगडी
ईआरजी करा, बाकी काही नको. माझ्या भाचीची केली होती.

आयुर्जीवन
नेत्रतर्पणाने आमच्या ओळखीतल्या मुलीचा चष्मा गेला. गाईच्या तुपाची धार डोळ्यांत धरतात, घरीही करता येतं. आकडीसाठी ब्राह्मी आणि वेखंड. रसायनांचा मारा कमी करा.

रोहित_के
फिट्स येणाऱ्या बाळाच्या डोळ्यांत घरी तूप घाला, असं लिहू नका हो. झटका आला तर तोंड-नाक कुठे जाईल? आणि औषध कमी केल्यावर काय झालं ते वरच आरोहच्या बाबांनी लिहिलंय.

आयुर्जीवन
मी वैद्यांकडे जा असंच म्हणतो आहे. कांदा हुंगवून आकडी उतरलेली मी स्वतः पाहिली आहे.

सिस्टर_वानवडी
आकडी बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, कांद्याने नाही. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे डॉक्टरांनी दिला असेल तर तो कसा वापरायचा हे घरातल्या प्रत्येकाने शिकून ठेवा, आजीनेसुद्धा. वीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. कांदा-चप्पल करत बसून उशिरा आणलेली मुलं आठवली की अजून झोप उडते.

इराची_आई
सगळ्यांचे आभार. औषध एक दिवसही चुकवलेलं नाही. हैदराबाद आता शक्य नाही, ५,००० आहेत असं वर लिहिलं आहे.

काचेपलीकडे
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, मुलांचीच नजर तपासते. काही विचारते. जन्मानंतर बाळाची साखर कमी झाली होती का? एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती का? एमआरआयच्या रिपोर्टात मेंदूच्या मागच्या भागाबद्दल काही लिहिलंय का?

इराची_आई
हो! दूध उतरत नव्हतं, दुसऱ्या दिवशी साखर २५ आली होती. पाच दिवस एनआयसीयूत होती. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना ऑक्सिपिटल असं काहीतरी आहे. याचा नजरेशी संबंध असेल असं आम्हाला कोणी सांगितलं नाही.

काचेपलीकडे
मग सगळं खापर औषधावर फोडू नका. ऑक्सिपिटल म्हणजे डोक्याचा मागचा भाग, दिसलेल्याचा अर्थ तिथे लागतो. जन्मानंतर साखर फार उतरली की नेमका हाच भाग दुखावतो. त्यातून पुढे स्पॅझम्सही येतात आणि नजरेची अडचणही. डोळा चांगला असतो, पडदा चांगला असतो, तरी मूल बघत नाही. याला सीव्हीआय म्हणतात. दिव्याकडे टक लावणं, आवाज असला तरच वळणं, एका बाजूचं न कळणं, हे सगळं तुम्ही लिहिलंय. निदान मी इथे बसून करणार नाही, पण तपासणाऱ्याला या शंकेबद्दल आवर्जून विचारा.

आता तुमचा मूळ प्रश्न. ईआरजी पडद्याचं काम मोजते, म्हणजे औषधाचा परिणाम बघायला ती. व्हीईपी डोळ्यापासून मेंदूपर्यंत निरोप पोचतो का ते बघते. या दोन्हींच्या आधी साधी तपासणी हवी: बाळ कशावर नजर ठेवतं, रेघांच्या कार्डांकडे बघतं का, तिरळेपणा, चष्म्याचा नंबर, मागचा पडदा. एसीटीएच झालंय, त्यामुळे मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब हेही बघायला सांगा. ही तपासणी तुमच्या पैशात होईल. महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात मुलांचा वेगळा विभाग आहे. ससूनमध्ये आणखी कमी खर्चात होईल, पण सबंध दिवस धरून चला.

बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घालण्याआधी फिट्सची हिस्टरी सांगायची, औषधांची यादी हातात द्यायची. सायक्लोपेंटोलेटसारख्या थेंबांनी क्वचित फिट येऊ शकते. विचारल्याशिवाय कोणाला घालू देऊ नका.

मंदार_बाणेर
हेच सगळं हैदराबादला एका दिवसात होतं.

ओवीची_आई_कोथरूड
माझी ओवी आता पाच वर्षांची आहे. तीच गोष्ट, जन्मानंतर साखर, मग स्पॅझम्स, मग सीव्हीआय. आम्हाला तीन ठिकाणी "डोळे एकदम नॉर्मल आहेत" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी जिन्यातच बसून रडले, कारण मूल माझ्याकडे बघत नव्हतं आणि कागदावर सगळं ठीक होतं. शेवटी केईएम हॉस्पिटलच्या टीडीएच या बालविकास केंद्रात, रास्ता पेठेत, नजरेच्या थेरपीची दिशा मिळाली.

तोवर घरी हे करा. खोली शांत, टीव्ही बंद. काळ्या ओढणीवर एकच खेळणं, लाल किंवा पिवळं. रंगीबेरंगी गोधडीवर दहा खेळणी पसरली तर तिला सगळा गोंधळ दिसतो. खेळणं किंचित हलवा, मग थांबा. खरंच थांबा, मनात तीसपर्यंत मोजा. आपण घाईने लगेच वाजवतो, मग ती कानांनीच काम भागवते. उजवीकडून सुरुवात करून हळूहळू मध्ये आणा. आम्ही लाल प्लास्टिकची वाटी वापरायचो, जेवणही तीतच. खिडकी बाळाच्या पाठीमागे येईल असं बसवा. लुकलुकणारे दिवे, चमकणारी खेळणी न्यूरोंना विचारल्याशिवाय नकोत.

ओवी दोन वर्षांची असताना पहिल्यांदा वाटीकडे बघून हात पुढे केला. आज ती मला खोलीच्या दारातून ओळखते. गर्दीत अजून गोंधळते, तुळशीबागेत नेलं की डोळे मिटून घेते.

स्वाती_निगडी
केईएम चांगलं आहे. पण ईआरजी कराच.

पराग_सिंहगडरोड
धायरीहून महंमदवाडीला कात्रज-कोंढवा रस्त्याने अजिबात जाऊ नका, तासभर अडकाल. स्वारगेटवरून जा.

आरोहचे_बाबा
स्वारगेटवरून सकाळी? साडेसातला निघालात तर कोंढव्याचाच रस्ता बरा.

पराग_सिंहगडरोड
रोज जातो मी, साडेसातलाही भरलेला असतो.

नीता_भोसरी
ईआरजीबद्दल माझा अनुभव वाईट आहे. एका मोठ्या ठिकाणी पहाटे चारपासून मुलाला जागं ठेवलं, झोपेचं सिरप दिलं, त्याने ते उलटून काढलं, दुसऱ्यांदा दिलं तेव्हा यंत्रावर दुसरा पेशंट होता. जागा झाल्यावर बोलावलं. पैसे घेतले, रिपोर्टात लिहिलं "सहकार्य नाही". दोन वर्षांच्या मुलाकडून कसलं सहकार्य हवं होतं? जाणार असाल तर भूल देऊन करतात की सिरपवर, आणि लहान मुलांच्या किती करतात, हे फोनवर आधी विचारा.

कुलकर्णी_औंध
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून आहे) जिल्हा पातळीवर लवकर उपचारांची केंद्रं आहेत, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. आपलं जिल्हा रुग्णालय औंधला, तिथे चौकशी करा. आणि संवेदना फाउंडेशन हा एपिलेप्सीचा आधारगट पुण्यातच आहे. माझ्या बहिणीला औषधाइतकाच त्या बैठकांचा उपयोग झाला.

इराची_आई
काल न्यूरोंना भेटलो, या धाग्यातले प्रश्न वहीत लिहून नेले होते. बऱ्याच जणांनी ईआरजी सांगितली, पण आम्ही ती आता करणार नाही. मी त्यांना एकच विचारलं, ईआरजी खराब आली तर तुम्ही औषध आज बंद कराल का? ते म्हणाले, नाही, स्पॅझम्स परत येण्याची भीती मोठी आहे, ठरल्याप्रमाणे सहा महिने पुरे करून मगच उतरवू. म्हणजे सहा-सात आठवडेच राहिले. तिला सर्दी आहे, छाती घरघरते, अशात झोपेचं औषध द्यायला माझं मन धजत नाही. औषध बंद झाल्यावर काही महिन्यांनी एकदा करू, तोवर पैसेही जमतील.

मंगळवारी देसाईला साधी तपासणी आणि पुढच्या आठवड्यात टीडीएच. ह्यांना ससून जवळ वाटत होतं, पण मुलांचा विभाग वेगळा आहे म्हणून मी हट्टाने देसाई धरलं. काळ्या ओढणीवर लाल झाकण ठेवून आज दोनदा बसलो. बघितलं की नाही, सांगता येत नाही. पाय हलवायची मात्र थांबली.

आरोहचे_बाबा
ताई, मला हे पटत नाही. आजचा आकडा हातात असता तर नंतर तुलना करता आली असती. पण औषध चालू ठेवताय, ते बरं केलंत.

ओवीची_आई_कोथरूड
पाय थांबणं म्हणजे ती लक्ष देत होती! हे वहीत लिहा, तारीख-वेळ घालून. ओवीचंही आधी असंच व्हायचं, नजर वळायच्या आधी सगळं अंग गप्प व्हायचं.

काचेपलीकडे
शक्य असलं तर पाय थांबतात तेव्हाचा व्हिडिओ काढा आणि मंगळवारी डॉक्टरांना दाखवा. तपासणीच्या खोलीत बाळं हमखास रडतात. तिची झोप आणि दूध झाल्यावरचीच वेळ मागा. एमआरआयचा रिपोर्ट आणि जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कागद दोन्ही न्या. थेंबांनंतर उजेड सोसत नाही, टोपी आठवणीने घ्या.