गुदद्वार नसलेल्या बाळावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया

प्रश्न
नमस्कार. आमच्या मुलाला जन्मतः गुदद्वार नव्हते, म्हणून लगेच कोलोस्टॉमी (मोठे आतडे पोटावर उघडून शौचाला दिलेली वाट) करण्यात आली. मुख्य शस्त्रक्रिया दुर्बिणीने करता येईल, असे एका डॉक्टरांचे मत आहे. दुसऱ्या डॉक्टरांना मागून छेद घेणे योग्य वाटते. छेद लहान असेल तर मुलाला पुढे शौचावर अधिक चांगला ताबा मिळतो का?

उत्तर १ (बालशल्यचिकित्सक)
छेदाच्या लांबीवरून हा निर्णय होत नाही. मलाशय कोठे संपते आणि त्याची फिस्ट्युला (मूत्रमार्गाशी वा मूत्राशयाशी असलेली असामान्य जोडवाट) कोठे उघडते, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी कोलोस्टॉमीच्या खालच्या तोंडातून पुरेशा दाबाने औषध सोडून एक्स-रे काढतात. हा डिस्टल कोलोग्राम झाला नसेल, तर पद्धतीची चर्चाच अकाली आहे.

पेन्या आणि डी व्रीस या शल्यचिकित्सकांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत बाळाला पालथे ठेवून मध्यरेषेतून स्नायू उघडतात. जॉर्जसन यांनी २००० मध्ये मांडलेल्या पद्धतीत पोटातून दुर्बिणीने मलाशय मोकळे करून ते स्नायूंच्या मधोमध खाली आणले जाते. फिस्ट्युला मूत्राशयाच्या मुखाशी असेल, तर मलाशय इतके उंच असते की एरवीही पोटातूनच जावे लागते, त्यामुळे तेथे दुर्बिणीचा फायदा निर्विवाद आहे. मात्र ती खाली, मूत्रमार्गाच्या बल्बर भागात उघडत असेल, तर दुर्बिणीने तेथवर पोहोचणे अवघड जाते आणि फिस्ट्युलाचा तुकडा मागे राहून मूत्रमार्गाला पिशवी तयार होऊ शकते. अशा बाळासाठी मी मागचाच मार्ग निवडेन. दुर्बिणीनंतर मलाशयाचे अस्तर बाहेर येण्याची तक्रारही काहीशी अधिक दिसते.

उत्तर २ (एक पालक)
शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीविषयी डॉक्टरांना आताच विचारून घ्यावे, असे सुचवते. आमच्या मुलीच्या वेळी सुमारे दोन आठवड्यांनी डायलेटर (नवे गुदद्वार आकसू नये म्हणून घालायची गुळगुळीत सळई) घालण्यास सुरुवात झाली; ते घरी रोज आम्हालाच करावे लागे आणि ठरलेला आकार गाठल्यानंतरच कोलोस्टॉमी बंद करण्यात आली. छेद कोणत्याही प्रकारचा असला, तरी हे सहसा टळत नाही, आणि खरे सांगायचे तर आमची दमछाक शस्त्रक्रियेपेक्षा यातच अधिक झाली.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. कोलोग्राम अजून झालेला नाही. मग शौचावरचा ताबा नेमका कशावर अवलंबून असतो?

उत्तर १ (बालशल्यचिकित्सक)
मुख्यतः दोषाचा प्रकार, त्रिकास्थीची (पाठीच्या कण्याच्या तळाच्या हाडाची) वाढ आणि मज्जारज्जूची स्थिती यांवर. त्रिकास्थी अपुरी असेल, तर उत्तम शस्त्रक्रियेनंतरही ताबा मर्यादित राहू शकतो. तरीही नियमित एनिमा देऊन मुलाला दिवसभर स्वच्छ ठेवता येते. त्रिकास्थीचा एक्स-रे, मणक्याची तपासणी, तसेच हृदय व मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली नसेल, तर ती कोलोग्रामसोबतच करून घ्यावी आणि मग दोन्ही डॉक्टरांना तेच अहवाल दाखवावेत.