गाण्यात मधेच पट्टी बदलायचीय, मदत हवी आहे

राम राम मंडळी, परभणीकडून. अभंगाच्या ढंगाचं एक गाणं करायलोय, चाल माझीच, पट्टी (ज्या सुराला सा धरतो ती) सफेद दोन म्हणजे कीबोर्डवाल्यांचं डी मेजर, आणि शेवटचं कडवं अर्धा सूर वर, काळी दोनमधे न्यायचंय. एकदम उडी घेतली की गाणारा पोरगा हमखास जुन्याच सा वर बसतो, दुसऱ्या ओळीला सापडतंय त्याला. सी वरून जी ला जाताना सी, जी, ए मायनर, ई मायनर अशा दोन्ही पट्ट्यांत बसणाऱ्या कॉमन कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) तरी असतेत, इथं एकही नाही. म्हणून कडव्याआधीच्या म्युझिकच्या शेवटच्या मात्रांवर ए शार्प सेव्हन, म्हणजे नव्या पट्टीच्या पंचमावरची कॉर्ड, टाकून बघितली, त्यानं कान बराच तयार होतो. पेटीवाले काका म्हणतेत कॉर्ड बिर्ड सोड, मी नव्या पट्टीचा पंचम (प) नुसता धरून ठेवतो. तेही पटतंय.

पण खरी अडचण तबल्याची. तो सफेद दोनला लावलेला, कडव्यात लईच बेसूर वाटायलाय. सफेद पाचमधे नेलं तर तोच सूर पंचम होतो पण पोराचा आवाज फाटतो तिथं. दुसरा तबला लावून ठेवावा का तेवढं कडवं नुसत्या ढोलकी-टाळावर काढावं? तुम्ही कसं करता?