दोघींत चार प्लेटा: मासे वाटून खायचे तर काय मागवावं?

प्रश्न (खडकवासलेकर): जुलैच्या दुसऱ्या रविवारी मैत्रिणीसोबत पुण्यात डेक्कनकडे मालवणी हॉटेलात जायचं आहे. ती नागपूरची. समुद्राचे मासे फारसे खाल्लेले नाहीत, काट्यांची धास्ती आहे. थाळी नको, छोट्या प्लेटा वाटून खायच्यात. किती पुरतील आणि आधी काय मागवावं?

तिरफळ: चार प्लेटा, दोन-तीन तांदळाच्या भाकऱ्या, शेवटी एक भात. सगळी ऑर्डर एकदम देऊ नका, नाहीतर सगळं एकदम टेबलावर येतं आणि तळलेलं गार होतं. बोंबलात पाणी फार. दाबून काढलं तरी गरम तुकड्यातून वाफ सुटत राहते आणि रव्याचं कवच पाच-सात मिनिटांत मऊ पडतं. म्हणून पहिल्या फेरीत बोंबील आणि मांदेली (छोटे मासे), एवढंच. मांदेली कडक तळलेली असेल तर काट्यासकट खाता येते. ती संपत आली की तिसऱ्या (म्हणजे शिंपले) सुक्या आणि कोळंबी मसाला सांगा. प्लेटीत तुकडे किती, हे आधी विचारा. तीन आले की तिसऱ्या तुकड्यावरून भांडण! सोलकढी शेवटी. आधी प्यायलात तर नारळाच्या दुधानेच पोट भरतं.

बंदरावरचा: तिरफळ, तारीख वाचलीत का? महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बिगरयांत्रिक होड्यांना मुभा असते, पण तो माल थोडा. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे तिकडचा मासा येऊ शकतो, पण बर्फात लांबचा प्रवास करून. बाकी बहुतेक फ्रीझरमधलं. गोठताना मांसातलं पाणी स्फटिक होऊन तंतू तोडतं; वितळल्यावर ते पाणी बाहेर येतं. बोंबलाचा तर लगदाच होतो, आणि सुरमईचा तुकडा कोरडा पडून रवा सुटतो. कोळंबी गोठवणं बरंच सोसते. म्हणून जुलैत बोंबील फ्राय यादीतून काढा, कोळंबी तवा फ्राय घ्या. मांदेली ताजी आहे असं खात्रीने सांगितलं तरच. सुका जवळा (बारीक सुकवलेली कोळंबी) किंवा सुक्या बोंबलाची चटणी मात्र बेधडक मागवा, ती भाकरीबरोबर खायची चीज आहे. उजनी धरणातली चिलापी (गोड्या पाण्यातला मासा) कुठे मिळाली तर तीही चालेल, फक्त काटे सांभाळून.

खडकवासलेकर: मग तिसऱ्या ठेवू का? आणि खेकडा?

तिरफळ: बंदीचं लक्षातच आलं नाही, बंदरावरचा म्हणतात ते बरोबर. तिसऱ्या असतील तर पहिला घास नीट चावून बघा. कचकच लागली तर रेती सुटलेली नाही, प्लेट परत द्या. शिजूनही मिटलेला शिंपला उघडायच्या भानगडीत पडू नका, बाजूला ठेवा. खेकडा वाटून खायला गैरसोयीचा: फोडण्यात वेळ जातो, हात बरबटतात, बाकीच्या प्लेटा तोवर गार. माकूल (स्क्विड) मऊ असेल तरच मजा; तव्यावर जास्त वेळ राहिली की रबर. ती चवीपुरती एक प्लेट.

बंदरावरचा: मैत्रिणीने कोळंबी-शिंपले कधीच खाल्ले नसतील तर आधी एकच कोळंबी द्या आणि थोडं थांबा. ओठ-घसा खाजला, सूज आली की तिथेच थांबायचं. श्वास जड वाटला तर थेट दवाखाना. मग तिच्यासाठी वेगळा मासा मागवूनही भागत नाही, तवा आणि तेल बहुधा एकच असतं. काट्यांपुरतं बोलायचं तर तिला सुरमईचा मधला तुकडा द्या. मधला मणका काढला की उरतं ते नुसतं मांस. फ्रीझरची असेल तर फ्राय नको, तिखल्यात, म्हणजे तिखट रश्शात घ्या. रस्सा कोरडेपणा झाकतो.