उपमा, उत्प्रेक्षा आणि 'सारखा' शब्दाचा घोळ

बी-२०३ : कोणी जागं आहे का? परवा लेकीचा मराठीचा पेपर आहे आणि अलंकारांवर गाडी अडलीय. 'तो सारखा रडतो' हे तिने उपमा म्हणून लिहिलंय, कारण सारखा, जसा, प्रमाणे आलं की उपमा आणि जणू, गमे, वाटे आलं की उत्प्रेक्षा असं पाठ केलंय. चुकलंय हे मला दिसतंय पण समजावता येत नाहीये

ए-५०१ काकू : अगं जागी आहे मी. त्या वाक्यातला 'सारखा' म्हणजे सतत, तिथे तुलना कुठाय? 'तो लहान मुलासारखा रडतो' म्हटलं की मग उपमा. शब्द शोधू नको म्हणावं, आधी विचार की कोणाची तुलना कोणाशी चाललीय. ज्याच्याबद्दल बोलतोय ते उपमेय, ज्याच्याशी तुलना केली ते उपमान. दोन्ही सापडले नाहीत तर उपमा नाही

बी-२०३ : हे पटलं तिला. पण उत्प्रेक्षा आणि रूपक यात परत गोंधळ

ए-५०१ काकू : तिला गच्चीवर वाळत घातलेली चादर डोळ्यासमोर आणायला सांग, वाऱ्याने फुगलेली. आता 'चादर शिडासारखी फुगलीय' ही उपमा, दोन्ही वेगळे आहेत आणि फक्त साम्य दाखवलंय. 'चादर जणू शीडच' ही उत्प्रेक्षा, इथे कल्पना केलीय पण ती कल्पना आहे हे आपल्याला माहीत आहे. 'चादरीचं शीड फुगलं' हे रूपक, दोघं एकच करून टाकले. 'ही चादर नव्हे, हे तर शीड' म्हणजे अपन्हुती, खरी वस्तू नाकारलीच. आणि चादर दोरीशी भांडतेय असं म्हणालात की चेतनागुणोक्ती, निर्जीव वस्तू जिवंत असल्यासारखी वागवली. चादर एकच आहे, आपण तिच्याकडे बघतोय वेगवेगळं, अलंकार त्या बघण्यात असतो गं

सी-१०४ : काकू कॉलेजमध्ये आम्हाला मेटाफर शिकवतात तेच रूपक ना?

ए-५०१ काकू : जवळचं आहे पण तेच नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकीकडून दुसरीकडे वाहून नेणं. 'वेळ वाया घालवला' यात वेळेला पैशासारखं वागवलंय, मेटाफर म्हणून चालेल, पण आपल्या रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही वाक्यात दिसावे लागतात. एकाला एक जोडायला गेलास तर फसशील. यमकाचंही असंच. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, पण तिथलं यमक म्हणजे तीच अक्षरं पुन्हा येणं, आणि पुढच्यांनी त्यात अर्थ वेगळा हवा अशी अट घातली. ओळीच्या शेवटी जुळतं ते यमक ही आपली मराठीतली सवय

डी-३०१ : टाकी वाहतेय

बी-२०३ : काका इथे अभ्यास चाललाय 🙏

ए-५०१ काकू : थांब थांब, काकांनी फार चांगलं उदाहरण दिलंय. टाकी कधी वाहते का? वाहतं ते पाणी. म्हणजे सरळ अर्थ, अभिधा, इथे लागू पडत नाही म्हणून आपण जवळचा अर्थ घेतो, ती लक्षणा. बाबा ताटावर बसले, घरावरून मोर्चा गेला, तसंच. आणि काकांना नुसती बातमी द्यायची नाहीये, कोणीतरी पंप बंद करा असं म्हणायचंय, ते वाक्यात कुठेच नाही तरी सगळ्यांना कळतं. ती व्यंजना. आनंदवर्धनांनी नवव्या शतकात ध्वन्यालोक लिहिला तो याच न बोललेल्या अर्थाबद्दल, त्याला ते काव्याचा आत्मा म्हणतात

सी-१०४ : पंप बंद केला मी

डी-३०१ : आभारी आहे बाळा. ताई एक विचारू, परवा मी इथे 'छान केलंत' असं लिहिलं होतं, मनापासून लिहिलं होतं, तर एकांना वाटलं टोमणा आहे. याला पण काही नाव आहे का

ए-५०१ काकू : आहे. आवाजाच्या चढउताराला काकु म्हणतात, कु ऱ्हस्व. तेच शब्द सूर बदलला की उलटे होतात, त्यावर वक्रोक्ती, म्हणजे वाकडं बोलणं किंवा वाकडा अर्थ लावणं, या अलंकाराचा एक अख्खा प्रकार उभा आहे. इथे टाईप करताना नेमका सूरच गळून पडतो, मग वाचणारा आपल्या मनातला सूर त्यावर चढवतो. तुम्ही त्यांना फोन करा, दोन मिनिटं बोला

डी-३०१ : आत्ताच लावतो

बी-२०३ : काकू लेक विचारतेय, 'टाकी रडून रडून दमली' ही चेतनागुणोक्ती ना? स्वतः केलंय तिने

ए-५०१ काकू : हो! आणि 'रडून रडून' मध्ये सारखा हा शब्द न वापरता सारखं रडणं आलं बघ. तिला सांग छान केलंस, आणि हे तोंडाने सांग