बाहेर ठेवलेला कचरा कुणीही उघडून बघू शकतं का? (न्यू जर्सी)

मृदुला_एडिसन:
मागच्या वर्षी कॅलिफोर्नियातून इकडे आलो. परवा रात्री कचऱ्याच्या पिशव्या रस्त्याकडेला ठेवल्या आणि सकाळी बघते तर सोसायटीच्या मॅनेजमेंटचा माणूस आमची पिशवी फोडून बसलेला, म्हणे कुणीतरी पेंटचे डबे टाकलेत त्याचा पुरावा शोधतोय. डबे आमचे नव्हतेच हो. पण चहाच्या चोथ्यात भिजलेली सासूबाईंची औषधाची बाटली, त्यावर नाव, डोस सगळं, आणि तो ती उजेडात धरून वाचतोय. मला रडूच आलं. नवरा म्हणतो, टाकलं की आपला हक्क संपला, पोलीससुद्धा वॉरंटशिवाय बघू शकतात. खरंय का हे?

विनय_जर्सी:
ताई, मिस्टर म्हणतात ती ग्रीनवुडची केस. १९८४, कॅलिफोर्नियातलं लगूना बीच. ड्रग्जचा संशय होता म्हणून पोलिसांनी कचरेवाल्यालाच सांगितलं की या घराच्या पिशव्या वेगळ्या ठेव आणि आम्हाला दे. त्यात जे सापडलं त्यावर घराचं वॉरंट काढलं. १९८८ ला अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट ६ विरुद्ध २ ने म्हणालं की रस्त्यावर ठेवलेली पिशवी जनावरं, पोरं, कुणीही उचकटू शकतं, मग प्रायव्हसीची अपेक्षा कसली. ब्रेनन आणि मार्शल हे दोघे जज विरोधात होते आणि मला तेच पटतं. बांधलेल्या पिशवीत माणसाचं अख्खं घर असतं, आजारपण, पैसा, भांडणं, सगळं.

पण न्यू जर्सी वेगळं आहे!! १९९० च्या हेंपेल केसमध्ये इथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने राज्याच्या घटनेवर बोट ठेवून सांगितलं की पोलिसांनी कडेची पिशवी उचलली तर चालेल पण उघडायला वॉरंट पाहिजे. फक्त फेडरल केस (म्हणजे केंद्राच्या कोर्टातली) असेल तर ग्रीनवुडच लागू होतो, हे लक्षात ठेवा.

शर्वरी_के:
विनयदादा बरोबर आहेत पण मृदुलाचा प्रश्न पोलिसांचा नाहीये ना. हे दोन्ही निकाल सरकारला बांधतात, सोसायटीच्या माणसाला नाही. पोलिसांनी सांगून त्याने केलं असतं तर गोष्ट वेगळी, मग तो पोलिसांचाच माणूस मानला जातो. तू सोसायटीच्या नियमांचं पुस्तक काढ आणि कचरा तपासायचा अधिकार कुठे लिहिलाय ते लेखी विचार, शिवाय टाउनशिपचा (म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनाचा) नियम बघ, बऱ्याच गावांत कडेला ठेवलेल्या कचऱ्याला कंत्राटदाराशिवाय कुणी हात लावायचा नाही असं असतं.

अण्णा_कोथरूड:
इकडे भारतात तर १९७४ च्या पूरणमल निकालापासून झडती बेकायदा असली तरी पुरावा कामाचा असेल तर साधारणपणे कोर्ट तो बाहेर फेकत नाही. २०१७ ला प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरली तरी कचऱ्याच्या पिशवीपर्यंत ती पोचावी असं मला फार वाटतं. आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताई रोज हाताने वेगळा करतात, पण कुणाच्या घरातलं काही बाहेर बोललेल्या मी ऐकल्या नाहीत, तो विश्वास आहे.

मृदुला_एडिसन:
थँक्यू सगळ्यांना. नियमांचं पुस्तक काढलं, ४० पानांत कचरा कधी ठेवायचा, कुठे ठेवायचा एवढंच आहे, उघडण्याबद्दल एक ओळ नाही. आज लेखी ईमेल टाकतेय, आणि सासूबाईंच्या बाटल्यांची लेबलं मी आता गरम पाण्यात भिजवून सोडवते.